परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील

आपल्याकडे रांगोळीची स्पर्धा असो, पाककलेची असो की एकांकिकांची, पत्रकाच्या तळाशी एक ओळ ठरलेली असते : 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.' ही ओळ छापायला देतानाच आयोजकांना कळून चुकलेलं असतं की तो राहणार नाही. जो निर्णय खरोखर अंतिम असतो त्याच्याखाली तसं लिहावं लागत नाही. टीसी पावती फाडतो, तिच्यावर कुठे 'अंतिम' असं छापलेलं असतं? तरी आपण निमूट पैसे काढून देतो. क्विझमध्ये मात्र अर्ध्या गुणासाठी चांगली पेन्शनीतली माणसं खुर्चीवर उभी राहतात.

हे ऐकीव नाही. बदलापूरहून बारवी धरणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका बार अँड रेस्टॉरंटमध्ये श्रावणात क्विझ नाइट होते आणि तिचे प्रश्न काढण्याचं काम माझ्या गळ्यात पडलेलं आहे. पब क्विझ म्हणण्याइतकं ते पब नाही. बाहेर निळ्या ट्यूबलाइटची पाटी, आत एका बाजूला पडदे लावलेली फॅमिली रूम, दुसऱ्या बाजूला परमिट रूम, भिंतीवर स्वित्झर्लंडमधल्या धबधब्याचं पोस्टर (खिडकीबाहेर डोंगरावरून खरे चार कोसळत असताना) आणि काउंटरवर बडीशेपेची वाटी. पण इंग्लंडातल्या पबमध्ये क्विझ ज्या कारणाने शिरली, त्याच कारणाने ती इथे आली. १९७६ साली बर्न्स आणि पोर्टर नावाच्या दोघांनी दक्षिण इंग्लंडातल्या पबांमध्ये क्विझच्या लीग सुरू केल्या, त्या मुळात रिकाम्या संध्याकाळी गिऱ्हाईक यावं म्हणून. आमच्या मालकांची रिकामी संध्याकाळ महिनाभर चालते. गटारीच्या रात्री इथे उभं राहायला जागा नसते. दुसऱ्या दिवशी श्रावण लागतो आणि परमिट रूममधल्या खुर्च्या उलट्या होऊन टेबलांवर चढतात. "काय वाट्टेल ते करा सर, पण माणसं बसवा," असं मालक म्हणाले. त्यांनी आधी ऑर्केस्ट्रा विचारात घेतला होता. क्विझ स्वस्त पडली.

परमिट रूम हे एकूण नियमांचं मोठं विद्यापीठ आहे. १९४९च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात प्यायची तर पिणाऱ्याकडे परवाना हवा. एका दिवसाचा मिळतो, वर्षाचा मिळतो, आजन्मसुद्धा मिळतो. बिअरला वय एकवीस, कडक मालाला पंचवीस. हे सगळं छापील आहे, त्याची पुस्तकं काउंटरच्या खणात आहेत, आणि रोज संध्याकाळी अख्खी सभा त्याला वळसा घालून आपापल्या टेबलावर बसते. अशा खोलीत उभं राहून 'मोबाइल वापरू नये' असं मोठ्याने वाचून दाखवायला छाती लागते.

पण मोबाइलच्याही आधी न्यायाचा एक वेगळाच पेच पडला. श्रावणात निम्मे संघ पाळणारे असतात, निम्मे न पाळणारे. पाळणारे फ्रेश लाइम सोड्यावर असतात आणि रात्री दहा वाजताही त्यांना संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस क्रमाने आठवतात. न पाळणाऱ्यांना पहिल्या फेरीत सगळं येतं, दुसऱ्या फेरीत सगळं येतं असं वाटतं, आणि तिसऱ्या फेरीत प्रश्न कोणत्या टेबलाला होता हेच लक्षात राहत नाही. त्यांनी रीतसर तक्रार केली. तक्रार बिलाच्या मागे लिहिलेली होती आणि तिचा आशय असा की, शुद्धीवर असणं हा क्विझमधला गैरफायदा आहे, सबब पाळणाऱ्या संघांचे दहा गुण सुरुवातीलाच वजा करावेत. पाळणाऱ्यांनी उलट अर्ज केला : आम्ही नुसते शुद्धीवर नाही, उपाशीही आहोत, सोमवार असला तर साबुदाण्यावर आहोत, तर त्या भुकेचे गुण आम्हालाच मिळावेत. मालकांनी मध्यस्थी केली. ज्याचं बिल जास्त त्याला जास्त गुण, असा सोपा तोडगा त्यांनी सुचवला. त्या रात्री सगळ्या संघांचं एकमत झालेला हा एकच प्रस्ताव; एकमत विरोधात झालं.

शेवटी मी गुणांना हात न लावता फेऱ्यांचा क्रम बदलला. इतिहास, विज्ञान, राज्यघटना हे सगळं पहिल्या तासात, सगळे सारखे सावध असताना. गाण्यांची फेरी शेवटी. धून वाजवून गाणं ओळखायला सावधपणा लागत नाही. उलट दोन पेगनंतर माणसाला पन्नास-साठच्या दशकातलं संगीत अधिकच स्वच्छ ऐकू येतं असा माझा अनुभव आहे. निकाल बराच समसमान लागायला लागला. कुणालाही न दुखावता केलेली ही एकमेव सुधारणा, आणि ती नियमावलीत लिहिलेली नाही म्हणूनच टिकली असावी. सुरुवातीला एक घोटाळा झाला तो वेगळा. चित्रं-आवाज नसलेल्या, नुसत्या तोंडी प्रश्नांच्या फेरीला क्विझवाले 'ड्राय राउंड' म्हणतात. मी माइकवरून "आता ड्राय राउंड सुरू होतोय" असं जाहीर करताच दोन टेबलांनी घाईघाईने ऑर्डर रिपीट केली आणि वेटर काउंटरचं शटर ओढायला निघाला.

मोबाइलसाठी टोपली ठेवली. भाजीची, प्लास्टिकची, प्रत्येक टेबलावर एक. त्या रस्त्याला डोंगराच्या आड गेलं की रेंज येते-जाते, त्यामुळे निसर्गच आपली बाजू घेईल असा माझा हिशेब होता. पण बिलं यूपीआयवर होतात म्हणून मालकांनी खास वायफाय बसवून घेतलं आणि त्याचा पासवर्ड मेनूकार्डावर छापला. टोपलीत पडतात ते जुने, स्क्रीन फुटलेले फोन; हुशार फोन खिशात असतो आणि तो खिसा थेट स्वच्छतागृहाकडे जातो. माणूस लघुशंकेला म्हणून उठतो आणि मोठ्या शंकेचं निरसन करून येतो. चेहऱ्यावरची सुटकेची भावना दोन्हीकडे सारखीच, त्यामुळे पुरावा म्हणून ती चालत नाही. फेरी चालू असताना उठायचं नाही असा नियम केला, पण बिअर पिणाऱ्यांच्या बाबतीत तो अमानुष ठरला, आणि त्यात साठीपुढची मंडळी. आता उठायला मुभा आहे. फक्त ज्या प्रश्नाला तुम्ही बाहेर होता त्या प्रश्नाला तुमच्या संघाने परत आल्यानंतर काही लिहायचं नाही. हे राबवायला पोरगेलासा एक वेटर दाराशी उभा असतो. त्याला दोन्ही बाजूंनी टिप मिळते.

विलायतेत यापेक्षा साध्या उपायावर भागलं होतं. २००१ साली चार्ल्स इंग्रॅम नावाचे ब्रिटिश लष्करातले मेजर आपल्या 'करोडपती'च्या तिकडच्या मूळ कार्यक्रमात दहा लाख पौंड जिंकले. पण ते एकेक पर्याय मोठ्याने उच्चारत असताना बरोबर पर्यायाला कुणीतरी खोकत होतं, असा आरोप झाला. खटला उभा राहिला आणि २००३ साली मेजर, त्यांच्या पत्नी आणि खोकणारे गृहस्थ असे तिघेही दोषी ठरले. हा दाखला आमच्याकडे लावायचा तर पंचाईत आहे. ऑगस्टमध्ये बदलापूरात खोकत नाही असा माणूस दाखवा.

संघ चौघांचा. हा नियम वाचायला सोपा आणि पाळायला सगळ्यात अवघड, कारण आपल्याकडे चौघं मिळून कुठे जात नाहीत. चौघं, त्यातल्या एकाचा मेव्हणा, मेव्हण्याचा ऑफिसातला मित्र, आणि "हे नुसते बसणार आहेत" असे दोघं. नुसते बसणारे पाचव्या प्रश्नाला कुजबुजतात, दहाव्याला पेन हिसकावून घेतात. त्यातून फॅमिली रूममध्ये बसलेला संघ. वडील, काका, आत्याचे मिस्टर आणि एक मावसभाऊ असे चौघं रीतसर नोंदवलेले. पण पडद्याआड आठवीतला मुलगा मँगो ज्यूस पीत बसलेला. वडील प्रत्येक प्रश्नाला पडद्यात डोकं घालत आणि ताज्या चेहऱ्याने बाहेर येत. आक्षेप आल्यावर ते म्हणाले, "मुलाला विचारलं तर बिघडलं कुठे? घरात एरवी कोण कुणाला विचारतं?" मला हे पटलं. पण इतरांना पटलं नाही, कारण त्यांची मुलं अभ्यासात बेताची होती. तडजोड अशी झाली की मुलगा हा पाचवा खेळाडू धरायचा आणि पाचव्या माणसामागे दोन गुण वजा. मुलाने हिशेब करून सांगितलं की तरीही परवडतं.

टेबलाटेबलाला प्रश्न फिरवण्याची पद्धत आम्ही कॉलेजांतल्या क्विझवरून घेतली. तुम्हाला आलं नाही की प्रश्न शेजारच्याकडे जातो, त्याला 'बाऊन्स' म्हणतात. यात एक अन्याय दडलेला असतो आणि तो बसायच्या जागेत असतो. तुमच्या आधीचं टेबल ढ असलं की त्यांचे सगळे प्रश्न आयते तुमच्या ताटात. आमच्याकडे हे मंडळींना इतक्या लवकर उमगलं की दुसऱ्या वेळी संध्याकाळी सहापासून त्या एका विशिष्ट टेबलाच्या डावीकडची खुर्ची रुमाल टाकून अडवलेली होती. लोकलमध्ये आयुष्य गेलेल्या माणसांना हे शिकवावं लागत नाही. यावरचा रीतसर उपाय म्हणजे न संपणारा बाऊन्स : ज्याने उत्तर दिलं त्याच्या पुढच्या टेबलापासून नवा प्रश्न सुरू, आणि अर्ध्या वाटेवर दिशा उलटी. तो लागू केला. तेव्हापासून ढ टेबल नेमकं कोणतं याची चर्चा बंद झाली, हा आणखी एक फायदा. कारण त्या टेबलाला ती ऐकू जात असे.

लोकांची मूळ तक्रार मात्र वेगळीच होती : पर्याय का देत नाही? यात दोष त्यांचा नाही. एके काळी क्विझ म्हणजे रेडिओवरची बोर्नव्हिटा क्विझ, सयानी बंधूंचा आवाज, नंतर १९८५ साली दूरदर्शनवर सिद्धार्थ बासूंचं 'क्विझ टाइम', म्हणजे इंग्रजी शाळेतल्या मुलांनी पटापट बोलायचं आणि आपण कौतुकाने बघायचं. ३ जुलै २००० रोजी 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि त्याच वर्षी हर्षवर्धन नवाथे हा मराठी मुलगा पहिला करोडपती ठरला. त्या दिवसापासून घरोघरचा प्रत्येक काका आपणही थोडक्यात हुकलो असं समजतो. त्याला चार पर्याय हवेत, लाइफलाइन हवी, आणि उत्तर दिल्यावर 'लॉक करू का?' असं कुणीतरी भारदस्त आवाजात विचारायला हवं. 'प्रेक्षकांचं मत' ही लाइफलाइन एकदा देऊन पाहिली. प्रेक्षक म्हणजे बाकीचे संघ. त्यांनी एकमुखाने चुकीचा पर्याय सांगितला.

उत्तरपत्रिका तपासायला शेजारच्या टेबलाकडे द्यायच्या, हा इंग्लंडातला रिवाज. आमच्याकडे एका टेबलावर निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांनी खिशातून लाल पेन काढलं, तिथेच मला घाम फुटला. 'अंतराळवीर' मधली वी ऱ्हस्व काढली म्हणून अर्धा गुण, 'विद्युत' मधल्या त चा पाय मोडला म्हणून पाव गुण, आणि तळाशी सहीसकट शेरा : 'अक्षर सुधारावे.' ज्याचा पेपर होता तो स्वतः एका कंपनीत जनरल मॅनेजर, वय वर्षं त्रेपन्न. तो सरांच्या पुढ्यात उभा राहून म्हणाला, "सर, पेन चालत नव्हतं." चाळीस वर्षांपूर्वी हेच वाक्य त्याने कुणापुढे तरी म्हटलं असणार. शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत, हा नियम त्या रात्री झाला. सरांनी तो मान्य केला, पण चुका अधोरेखित करण्याचा हक्क राखून ठेवला.

शुद्धलेखन सोडल्यावर लिपी सोडणं ओघानेच आलं. उत्तर मराठी, हिंदी, इंग्रजी, कशातही लिहा, असं मी औदार्याने जाहीर केलं. उल्हासनगरच्या कॅम्प चारमधून एक संघ येतो, त्यातल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांना सगळे 'दादा' म्हणतात. दादांनी वीसच्या वीस उत्तरं सिंधीत लिहिली, उजवीकडून डावीकडे, अरबी वळणाच्या सुरेख अक्षरात. तपासणाऱ्या टेबलाला कागद सुलटा धरलाय की उलटा तेही कळेना. सगळ्यांनी आळीपाळीने तो न्याहाळला, मुख्याध्यापकांनी लाल पेन खाली ठेवलं. मग दादांनीच तो वाचून दाखवावा असं ठरलं. गोची एवढीच, की तोवर बरोबर उत्तरं माइकवरून सांगून झाली होती. दादा संथपणे वाचत गेले. वीसपैकी वीस. एका उत्तराला कागदावर जेमतेम चार वळणं दिसत होती आणि दादांच्या तोंडून 'चक्रवर्ती राजगोपालाचारी' एवढं निघालं. प्रश्न होता, ८ ऑगस्ट १९४९ला कल्याणच्या निर्वासित छावणीचं उल्हासनगर असं नामकरण कोणत्या गव्हर्नर जनरलच्या हस्ते झालं. खोलीत खसखस पिकली. दादांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "मेरे पिताजी सामने खड़े थे." त्यानंतर कुणी हसलं नाही. पुढच्या खेपेला आम्ही सिंधी वाचणाऱ्या एक शिक्षिका गाठून बसवल्या. त्यांनी दादांचा कागद बरोबर उत्तरं जाहीर व्हायच्या आधीच तपासला. सगळी उत्तरं तशीच होती. लिपीची सवलत अजून चालू आहे.

आता ज्या प्रश्नावरून रोट्या गार झाल्या तो सांगतो. प्रश्न साधा : अंबरनाथचं शिवमंदिर कोणत्या साली पूर्ण झालं? मंदिरावर शिलालेख आहे, त्यात शके ९८२ आहे, म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा छित्तराजाने काम सुरू केलं आणि मुम्मुणीच्या काळात ते पुरं झालं असं मानतात. निम्म्या टेबलांनी १०६० लिहिलं. मुख्याध्यापकांच्या संघाने नुसतं ९८२ लिहिलं. 'शके' कुठे आहे, असा आक्षेप आला. सर म्हणाले, "शिलालेखात जे कोरलंय तेच मी लिहिलंय. शिलालेखाचे गुण कापता काय?" उल्हासनगर कोर्टात प्रॅक्टिस करणारे एक वकील त्यांच्या मदतीला धावले (त्यांचा संघ केव्हाच बाद झालेला होता, त्यामुळे ते मोकळे होते). त्यांचा युक्तिवाद असा : ज्यांनी १०६० लिहिलं त्यांनी तरी 'इसवी सन' कुठे लिहिलंय? तेही शके धरलं तर ११३८ साल येतं, म्हणजे ते अठ्ठ्याहत्तर वर्षांनी चुकले. तेव्हा एक तर दोघांनाही गुण द्या, नाहीतर कुणालाच नको. टाळ्या पडल्या. तेवढ्यात पाठीमागच्या टेबलावरून, जिथे 'पांडवांनी एका रात्रीत बांधलं' असं लिहिलेलं होतं, तिथून आवाज आला : "ओ सर, मंदिर पूर्ण झालंच नाही! पहाट झाली म्हणून पांडव काम टाकून गेले. शिखर बघा, अजून अपुरं आहे. प्रश्नच रद्द करा!" आणि शिखर खरोखरच अपुरं आहे हो. आता काय करता?

हे सगळं चालू असताना तंदूर बंद झाला, दोन संघांची शेवटची कर्जत चुकायची वेळ आली आणि बाहेर उभे असलेले रिक्षावाले आत येऊन आपापलं मत देऊ लागले. त्या रात्री मला क्विझच्या नियमांचं खरं काम कळलं. चोरी रोखणं हे त्यांचं काम नव्हे. ज्याला चोरायचं तो पासवर्ड मेनूकार्डावर वाचतो. नियमाचं काम एवढंच की भांडण रिक्षा मिळेपर्यंत मिटलं पाहिजे. त्याला बारवीच्या दरवाज्यांचा गुण हवा. तिथे ७२.६० मीटरची पातळी ओलांडली की दरवाजे आपोआप उघडतात आणि पाणी वाहून जातं. अध्यक्षांची वाट पाहत नाही, भाषण ऐकत नाही. जलपूजनाला पुढारी नंतर येतात, नारळ घेऊन. तसा नियम आम्ही केला : कोणत्याही उत्तरावर वाद दोन मिनिटं, तोही बसून, आणि आवाज एकाच माणसाचा. दोन मिनिटं झाली की मालक काउंटरवरची घंटा वाजवतात आणि कागदावर जे असेल ते. चूक असलं तरी. मराठी माणूस नाटकाच्या तिसऱ्या घंटेला आजही थोडा बिचकतो, त्याचा इथे उपयोग झाला.

वकीलसाहेबांनी या नियमाविरुद्ध अपील केलं. त्यात त्यांनी १९५७चा चमारबागवाला खटला काढला, ज्यात सर्वोच्च न्यायालयाने शब्दकोड्यांच्या बक्षीस स्पर्धांचा विचार करताना कौशल्य आणि जुगार यांत भेद केला होता. त्याचा आमच्या क्विझशी संबंध काय, असं विचारल्यावर ते म्हणाले, "जिथे परीक्षक चुकीचं उत्तर बरोबर धरू शकतो तिथे कौशल्य उरतंच कुठे?" मुद्दा बिनतोड होता. घंटा वाजली.

प्रश्न कुठून आणायचे यावरही संशय असतो. व्हॉट्सअॅपवर फिरणारे प्रश्न सगळ्यांकडे पोचलेले असतात, तेव्हा तिथून उचलणं म्हणजे पेपर फोडणंच. अमेरिकेत फ्रेड वर्थ नावाच्या लेखकाने यावर नामी सापळा लावला होता. सामान्यज्ञानाच्या आपल्या पुस्तकात त्याने एक मुद्दाम खोटी माहिती घुसडली, की टीव्हीवरच्या कोलंबो या डिटेक्टिव्हचं पहिलं नाव फिलिप. पुढे 'ट्रिव्हियल परस्यूट' या खेळात तेच उत्तर छापून आलं. वर्थने १९८४ साली दावा ठोकला आणि हरला, कारण माहितीवर कुणाची मालकी नसते. माझा एक स्नेही सुचवत होता की आपणही एक खोटा प्रश्न पेरावा. पण ज्या खोलीत पांडवांच्या बाजूने शिखर साक्ष देतं, तिथे खोटं कोणतं आणि खरं कोणतं हे मागाहून ठरवत बसणं जमणार नाही म्हणून मी तो नाद सोडला.

बरोबरी सुटायला एक आकड्याचा प्रश्न लागतो. जवळात जवळ जाईल तो जिंकला. हे जगभर चालतं, आमच्याकडे चालत नाही, कारण आमच्या पट्ट्यात कशाबद्दलही विचारा, ती वस्तू बनवणारा समोर बसलेला निघतो. मी विचारलं, बारवीत आज सकाळी किती टक्के साठा होता? धरण पाटबंधारे खात्याचं असेल असं बऱ्याच जणांना वाटतं, पण ते एमआयडीसीचं आहे. आणि एमआयडीसीच्या पाणीपुरवठ्यातले एक इंजिनिअर अंतिम फेरीत होते. त्यांनी दशांश चिन्हापुढे दोन अंकांपर्यंत उत्तर लिहिलं. वर कंसात एकूण क्षमता ३३८.८४ दशलक्ष घनमीटर, हेही. समोरचा संघ उसळला : "हे ज्ञान नाही, ही नोकरी आहे!" इंजिनिअर म्हणाले, "मग सरांनी इतिहासाचे प्रश्न सोडवू नयेत. तीही नोकरीच होती." दोन मिनिटं कमी पडली.

पुढच्या वेळी धरण टाळून काडेपेटीत काड्या किती, असं विचारलं. अंबरनाथच्या विमकोतून निवृत्त झालेले काका हात वर करून उभे. तोफेबद्दल विचारावं तर ऑर्डनन्स फॅक्टरी, धाग्याबद्दल विचारावं तर शहाडचं रेयॉन, जीन्सच्या शिलाईबद्दल विचारावं तर कॅम्प पाच. जांभळाबद्दल विचारायची सोय नाही. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाल्यापासून प्रत्येक वाडीवाला त्या विषयातला अधिकारी झाला आहे. शेवटी कुणालाच माहीत असणं शक्य नाही असा एक आकडा सापडला : आज रात्रीचं हॉटेलचं एकूण बिल किती होईल? आकडा लिहून चिठ्ठी बंद करायची, काउंटर बंद झाल्यावर उघडायची. हे इतकं निर्मळ होतं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मग बघतो तर ज्या संघाने आकडा मोठा लिहिला होता ते शेवटच्या पंधरा मिनिटांत पनीर चिली, व्हेज क्रिस्पी आणि सगळ्या रूमला आइस्क्रीम मागवत होते, आणि ज्यांनी लहान लिहिला होता ते दुसऱ्यांच्या ऑर्डरी रद्द करायला वेटरच्या मागे धावत होते. मालक गल्ल्यावर हाताची घडी घालून बसले होते. 'ज्याचं बिल जास्त त्याला जास्त गुण' हा त्यांचा ठराव वर्षभराने मागच्या दाराने मंजूर झाला होता. हा टायब्रेकर कायम ठेवावा, असा त्यांचा आग्रह आहे. मीही फार ताणलं नाही, कारण त्या रात्री जिंकलेल्यांनी आणि हरलेल्यांनी एकमेकांचं आइस्क्रीम खाल्लं आणि एकाही माणसाने शिलालेखाचं नाव काढलं नाही.

तेव्हा यंदा श्रावणात कुणाला यायचं असेल तर जरूर या. संघ चौघांचा, आठवीतलं मूल आणलंत तर दोन गुण वजा. लिपी कोणतीही. पहिली फेरी आठला सुरू होते आणि ती खरंच आठला होते. पाळणाऱ्यांसाठी थाळी वेगळी असते. बक्षीस म्हणून सुरमई थाळी ठेवली आहे. विजेते श्रावण पाळणारे निघाले तर ती भाद्रपदात मिळते, तेवढं कूपन जपून ठेवा. परतीची रिक्षा येतानाच सांगून ठेवा, रात्री त्या रस्त्याला मिळत नाही. आणि एक कळकळीची विनंती आहे, पेन आपापलं आणा. आम्ही दर वेळी टेबलाटेबलावर पेनं वाटतो आणि क्विझ संपल्यावर मुख्याध्यापकांचं लाल पेन सोडून एकही जागेवर सापडत नाही.